जुन्या इंजिनाला थर्मोस्टॅट किती अंशांचा असावा?

प्रश्न : माझ्याकडे १९६४ सालची, चार सिलिंडरची, कार्बोरेटरवर चालणारी पेट्रोल मोटारगाडी आहे. सपाट रस्त्यावर ती निर्धास्त चालते; मात्र लांब चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यापर्यंत जाऊन टेकतो. मूळ पुस्तिकेत १८० अंश फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट सांगितला आहे. गॅरेजमधील मेकॅनिक म्हणतात, १६० चा बसवा, नाहीतर सरळ काढूनच टाका. जुन्या गाड्या बाळगणारे एक परिचित म्हणतात, १९५ चा बसवा, इंजिन आतून स्वच्छ राहील आणि पेट्रोलही वाचेल. रेडिएटरच्या झाकणावर ७ हा आकडा आहे. नेमका कोणता थर्मोस्टॅट घ्यावा? आणि थंडीत एक व उन्हाळ्यात दुसरा, असे करावे का?

उत्तर : आधी निर्णय सांगतो, कारणे मागाहून. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची, तापमानाप्रमाणे उघडझाप करणारी झडप. पुस्तिकेतील १८० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८२ अंश सेल्सिअस, हाच आकडा तुमच्या इंजिनासाठी योग्य आहे. १६० चा, म्हणजे ७१ अंशांचा थर्मोस्टॅट बसवून चढावरचे तापणे थांबणार नाही. १९५ चा, म्हणजे सुमारे ९१ अंशांचा बसवून तुमच्या गाडीच्या पदरात फारसे काही पडणार नाही. आणि थर्मोस्टॅट काढून टाकणे हा सुचवलेल्या उपायांपैकी सर्वांत वाईट उपाय आहे. यापुढे सगळे आकडे सेल्सिअसमध्येच देतो, परंतु नवा थर्मोस्टॅट घेताना त्याच्या कडेवर कोरलेला आकडा कोणत्या मापातला आहे हे पाहून घ्यावे, कारण दोन्ही मापांतले थर्मोस्टॅट विकले जातात.

या विषयातील बहुतेक गोंधळ एकाच गैरसमजातून निघतो. थर्मोस्टॅटवरचा आकडा इंजिनाच्या तापमानाची खालची मर्यादा ठरवतो, वरची नव्हे. इंजिन किमान किती गरम राहावे एवढेच त्याच्या हातात असते. ते कमाल किती तापेल हे रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप, झाकण, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि गाडीवरचा भार हे सगळे मिळून ठरवतात, आणि त्या हिशेबात थर्मोस्टॅटला जवळजवळ स्थान नसते.

त्याची रचना पाहिली की हे लगेच पटते. आजच्या थर्मोस्टॅटच्या पोटात पितळेची एक लहान डबी असते आणि तिच्यात मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला मेण वितळू लागते, वितळताना फुगते आणि एका दांडीवर जोर देऊन स्प्रिंगच्या विरुद्ध झडप उघडते. ही मेणाची युक्ती १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने पुढे आणली. ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटची झडप ८२ ला हलू लागते आणि पूर्ण उघडायला साधारण दहा-बारा अंश आणखी लागतात, म्हणजे ९३ च्या आसपास ती सताड उघडी असते. ७१ अंशांचा थर्मोस्टॅट याच हिशेबाने ८२-८३ च्या सुमारास पूर्ण उघडतो. म्हणून पाणी ९३ च्या वर गेले की दोन्ही थर्मोस्टॅट सारखेच: दोघांच्याही झडपा उघड्या आहेत आणि दोघांनाही आणखी काही करता येण्यासारखे नाही. धरणाचे सगळे दरवाजे वर उचलून झाल्यावर पूर ओसरणे न ओसरणे जसे खालच्या पात्रावर अवलंबून राहते, तशी ही गत आहे.

आता तुमचा चढ घ्या. समजा, त्या चढावर त्या गियरमध्ये इंजिन जेवढी उष्णता पाण्यात सोडते तेवढी बाहेर टाकायला तुमच्या रेडिएटरला पाणी १०४ अंशांवर असावे लागते. मग थर्मोस्टॅट कोणताही असो, चढ पुरेसा लांब असेल तर काटा १०४ वरच जाऊन थांबेल. ७१ अंशांचा थर्मोस्टॅट असेल तर पायथ्याशी इंजिन काही अंश थंड असेल आणि १०४ गाठायला त्याला थोडा जास्त वेळ लागेल. तुमच्या मेकॅनिकचा अनुभव बहुधा इथूनच आलेला आहे: आखूड चढ असेल तर काटा वर पोहोचण्याआधीच माथा येतो आणि उपाय लागू पडल्यासारखे वाटते. चढ लांबला की ही सवलत संपते. या उसन्या मिनिटांसाठी उरलेला सगळा काळ इंजिनाला जी किंमत मोजावी लागते, ती मात्र बरीच मोठी आहे.

ती किंमत म्हणजे झीज आणि गाळ. जेवढे थंड तेवढे चांगले, हा समज इंजिनाच्या बाबतीत चुकीचा आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते बहुतेक वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जाते, परंतु थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, उतरतोच, आणि साठ वर्षांच्या इंजिनात तो अधिकच उतरतो. सिलिंडरच्या भिंती पुरेशा गरम नसतील तर वाफ तिथेच थिजते, ज्वलनातून आलेल्या गंधकाच्या अंशांशी तिचे आम्ल बनते आणि ते आम्ल भिंतीचा पृष्ठभाग खात राहते. शिवाय न जळलेले पेट्रोल थंड भिंतीवरून ओघळताना तेथील ऑइलचा पातळ थर धुऊन नेते. पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये मिसळले की त्यांना पुन्हा बाहेर काढण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे ऑइल दीर्घकाळ चांगले गरम राहणे. ऑइल पाण्यापेक्षा सावकाश तापते. त्यामुळे पाणीच ७१-७५ अंशांवर रेंगाळत असेल, तर लहान फेऱ्यांमध्ये ऑइल त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही.

तुमच्या गाडीच्या काळात हा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. त्या सुमारापर्यंतच्या अनेक इंजिनांत क्रँककेसमधील वायू ओढून पुन्हा जाळण्याची सोय नसे. रस्त्याकडे उघडणारी एक साधी नळी असे, आणि गाडी वेगात असताना तिच्या तोंडाशी जो ओढा निर्माण होई, तेवढ्यावरच आतली हवा खेळत असे. संथ वाहतुकीत हे वायुवीजन जवळजवळ बंदच पडते. तुमच्या इंजिनाला अशी नळी असेल तर त्याला उबेची गरज अधिक आहे, कमी नाही. ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याची आतली बाजू बोटाने पुसून पाहा. पिवळसर पांढरा, चिकट फेस हाताला लागला तर आत ओल साठते आहे असे समजावे. हा फेस केवळ झाकणाखाली असेल आणि ऑइलची पट्टी स्वच्छ असेल तर कारण बहुधा थंड चालणे हेच असते; पट्टीवरचे ऑइलही दुधाळ झाले असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधील पातळ थराची, तपासणी टाळू नये.

मग ७१ अंशांचा थर्मोस्टॅट मुळात बनवलाच का गेला, असा प्रश्न तुम्हाला पडेल, आणि त्याच उत्तरात ऋतूप्रमाणे थर्मोस्टॅट बदलण्याच्या तुमच्या शंकेचाही निकाल लागतो. जुन्या काळी रेडिएटरला दाबाचे झाकण नसे आणि पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळत. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, इथेनॉल ७८ ला. अशा मिश्रणाचे तापमान वाढू दिले तर अल्कोहोल उडून जाई आणि पुढच्या थंड रात्री ब्लॉक फुटण्याची भीती राही. म्हणून हिवाळ्यात अल्कोहोलबरोबर कमी अंशांचा थर्मोस्टॅट चालवण्याची पद्धत पडली. इथिलीन ग्लायकोल १९७ अंशांना उकळते. ते वापरात आले आणि त्याच्या जोडीला दाबाचे झाकण आले, तेव्हा ही गरज संपली. तुमच्या गाडीत झाकण आहे आणि कूलंटही ग्लायकोलचे असणार किंवा असायला हवे. तेव्हा बाराही महिने एकच थर्मोस्टॅट ठेवावा. अतिशीत प्रदेशात गाडी चालवणाऱ्याने हीटर नीट तापावा म्हणून हिवाळ्यापुरता ८८ अंशांचा बसवला तर त्यात वावगे नाही, आणि अनेक उत्पादकांनी आपल्या जुन्या पुस्तिकांत तसा पर्याय दिलेलाही असे. तुमच्या पत्रात तशा थंडीचा उल्लेख नाही.

तुमच्या परिचितांच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या पिढीच्या इंजिनांचे आहे. गरम इंजिनात इंधनाची वाफ नीट होते, ऑइल पातळ राहून घर्षण घटते आणि सिलिंडरच्या भिंतीलगत न जळता उरणारे इंधन कमी होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि पुढे १९७० च्या दशकात धुरावरचे निर्बंध कडक होत गेले, तसे ९१ अंशांचे थर्मोस्टॅट सर्रास बसवले जाऊ लागले. मात्र त्या गाड्यांचे रेडिएटर, झाकणाचा दाब, कार्बोरेटरची जेट आणि पिस्टनची मोकळीक हे सगळे त्या तापमानाच्या हिशेबाने ठरवलेले होते. तुमची गाडी त्याआधीची आहे.

इथे झाकणावरचा तुमचा ७ हा आकडा कामाला येतो. तो दर चौरस इंचाला ७ पौंड असा दाब आहे, म्हणजे सुमारे अर्धा बार. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांना उकळते. या झाकणाखाली ते १११ च्या आसपास उकळेल. १३ पौंडांच्या झाकणाखाली हाच आकडा ११९ पर्यंत जातो. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असे मिश्रण असेल तर त्यात आणखी सहा-सात अंशांची भर पडते. आणि तुम्ही चढ चढता आहात, हे विसरू नका: दर ३०० मीटर उंचीला उकळबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो. ९१ अंशांचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडेपर्यंत पाणी १०२ च्या घरात पोहोचते, आणि ज्या इंजिनाला मुळातच रेडिएटर अपुरा पडतो आहे, त्याचा राखीव फरक पायथ्याशीच खर्च होतो. त्यातच बॉनेटखालची उष्णता वाढली की कार्बोरेटरमधील पेट्रोल उकळून गाडी अडखळण्याचा किंवा गरम असताना सुरू न होण्याचा त्रास वाढू शकतो, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये तो अधिक जाणवतो. इंजिनाची ठोकणीही, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट, वाढते. पेट्रोलची जी काही बचत होईल ती जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण नीट जुळवूनही साधता येईल, आणि बहुधा अधिक साधता येईल.

झाकण जास्त दाबाचे बसवून हा फरक वाढवावा, असेही कोणी तरी तुम्हाला सुचवेल. मी ते करणार नाही. जुना पितळी रेडिएटर, त्याचे झाळलेले सांधे आणि हीटरची नळी ७ पौंडांसाठी बनलेली आहेत.

आता थर्मोस्टॅट काढून टाकण्याविषयी. याबाबत गॅरेजांमध्ये दोन परस्परविरोधी समजुती सारख्याच आत्मविश्वासाने सांगितल्या जातात. एक अशी की अडथळा गेला म्हणजे इंजिन थंड राहणारच. दुसरी अशी की पाणी इतक्या वेगाने फिरते की रेडिएटरमध्ये त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. दुसरी साफ चूक आहे, कारण प्रवाह वाढला की एकूण बाहेर पडणारी उष्णता वाढते, घटत नाही. पहिली काही इंजिनांत खरी आणि काहींत घातक ठरते, आणि हा फरक बायपासमुळे पडतो.

इंजिन थंड असताना झडप बंद असली तरी पंप फिरतच असतो. त्या वेळी पाण्याला इंजिनातल्या इंजिनात फिरण्यासाठी एक आडवाट ठेवलेली असते, तिला बायपास म्हणतात. काही इंजिनांत ही वाट बारीक असते आणि कायम उघडी राहिली तरी बिघडत नाही. काहींत ती चांगली रुंद असते आणि इंजिन गरम झाल्यावर ती बंद करणे हे थर्मोस्टॅटचे दुसरे काम असते: मुख्य झडप उघडताना खालच्या टोकाला बसवलेली एक चकती बायपासचे तोंड झाकते, किंवा झडपेभोवतीची पत्र्याची नळीसारखी बाही सरकून बाजूचे भोक बुजवते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात आणि ट्रायम्फच्या टीआर मालिकेतील सुरुवातीच्या गाड्यांत असा बाहीचा थर्मोस्टॅट होता. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो, पाणी सोपी वाट धरते, आणि त्याचा मोठा भाग रेडिएटरला शिवल्याविनाच पुन्हा इंजिनात शिरतो. सकाळी इंजिन तापायला वेळ लावते आणि चढावर पूर्वीपेक्षा जास्त तापते, असा दुहेरी तोटा पदरी पडतो.

हा मुद्दा तुमच्यासाठी केवळ माहितीचा नाही. जुन्या बाहीच्या थर्मोस्टॅटच्या जागी बाही नसलेला साधा थर्मोस्टॅट व्यासाने अगदी बरोबर बसतो, म्हणून तोच बसवला जातो, आणि पुढे वर्षानुवर्षे मालक रेडिएटरला दोष देत राहतो. तेव्हा तुमचा थर्मोस्टॅट बाहेर काढाल तेव्हा त्याच्या घराच्या आत बॅटरीचा प्रकाश टाकून नीट पाहा. वरच्या तोंडाखेरीज बाजूला किंवा तळाशी दुसरे भोक दिसते का? दिसत असेल तर सध्याच्या थर्मोस्टॅटला ते झाकणारी चकती किंवा बाही आहे का? नसेल तर चढावरच्या तापण्याचे एक सबळ कारण तुम्हाला तिथेच सापडले. अचूक प्रकारचा थर्मोस्टॅट मिळत नसेल तर बायपासची वाट लहान छिद्राच्या चकतीने आवळणे हा मान्य उपाय आहे. ती पूर्णपणे बुजवू नये, नाहीतर थंड इंजिनात हेडमधील पाणी जागच्या जागी उकळते आणि थर्मोस्टॅटला गरम पाणी वेळेवर पोहोचत नाही.

शर्यतीच्या गाड्यांत थर्मोस्टॅट नसतो, हा युक्तिवादही ऐकायला मिळतो. त्यांत बहुधा त्याच्या जागी भोक पाडलेली चकती असते. बाहेर पडण्याच्या वाटेवर थोडा अडथळा राहिला की पंपामुळे ब्लॉक आणि हेडमध्ये दाब टिकतो आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, जिथे धातू सर्वांत तापलेला असतो, तिथे पाण्याचे बुडबुडे होत नाहीत. थर्मोस्टॅट उघडा असतानाही नेमके हेच काम करत असतो.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे वळतो. सुरुवात काट्यापासूनच करावी, कारण या वयाच्या गाडीतील काटा खरे सांगतो असे गृहीत धरता येत नाही. काटा विजेवर चालणारा असेल तर अनेक गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवरून चालतात. तो बिघडला की दोन्ही काटे एकदम वर सरकतात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा पाऊण दाखवत असेल, तर तुमचे इंजिन जेवढे तापल्यासारखे दिसते तेवढे तापतच नसेल. खात्री करण्यासाठी दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घरावर, नळीच्या अगदी जवळ, मोजमाप करा. चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनिअमवर हे यंत्र खऱ्यापेक्षा बरेच कमी दाखवते. म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

मोजमापातूनही तापणे खरे ठरले, तर ते केव्हा होते यावरून निम्मे निदान होते. गाडी उभी असताना किंवा मुंगीच्या पावलाने जाताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर निवळत असेल, तर दोष हवेच्या ओघात असतो: सैल पट्टा, पंख्याभोवतीचे गायब झालेले आवरण, किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला केरकचरा. तुमची गाडी सपाटीला ठीक आणि भाराखाली तापते. हे लक्षण बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेतील अडथळ्याचे किंवा उशिरा होणाऱ्या इग्निशनचे असते.

अडथळा शोधताना सगळे रेडिएटरकडेच धावतात, आणि ब्लॉककडे कोणाचे लक्ष जात नाही. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये पंपापासून सर्वांत लांबचा भाग म्हणजे शेवटच्या सिलिंडरचा परिसर. तिथे प्रवाह मंद असतो आणि अनेक वर्षांचा गंज, ओतकामातील उरलीसुरली वाळू आणि क्षार खाली बसत जातात. ब्लॉकच्या बाजूला, खालच्या अंगाला पाणी सोडण्याची एक लहान तोटी किंवा बोल्ट असतो. इंजिन पूर्ण थंड असताना तो उघडा. पाण्याची धार आली तर ठीक. काहीच आले नाही तर ब्लॉक रिकामा नाही, भोक बुजलेले आहे: जाड तार आत सरकवून टोचत राहा, आधी चॉकलेटी चिखल थेंबाथेंबाने येईल आणि मग एकदम गढूळ पाणी सुटेल. असा चिखल निघाला तर थर्मोस्टॅट काढून, वरून पाण्याचा पाइप लावून, स्वच्छ पाणी येईपर्यंत ब्लॉक धुऊन काढावा, आणि रेडिएटर सोडवून उलट दिशेने धुवावा. बाहेर आलेले ग्लायकोलमिश्रित पाणी उघड्यावर सोडू नये. ते विषारी असते आणि गोडसर असल्यामुळे जनावरे ते चाटतात.

रेडिएटर धुण्याआधी गरम इंजिनावर तोच थर्मामीटर त्याच्या संपूर्ण जाळीवर आडवा-उभा फिरवा. ज्या नळ्या बुजल्या आहेत तो पट्टा शेजारच्यापेक्षा स्पष्टपणे थंड लागतो. खालचा होजही पाहा. तो पंपाच्या शोषणाच्या बाजूला असतो आणि जुना, मऊ पडलेला असेल तर इंजिनाचा वेग वाढला की आत ओढला जाऊन चपटा होतो. म्हणूनच अनेक गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते आणि ती गंजून नाहीशी झालेली असू शकते. दुसऱ्या माणसाला इंजिनाचा वेग वाढवायला सांगून होजकडे नजर ठेवली की हे दिसते, मात्र हात आणि कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत.

इग्निशनची तपासणी टायमिंग लाइटने व्हावी. डिस्ट्रिब्युटरमधील (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातील) वजने गंजून अडकली किंवा व्हॅक्यूमचा पडदा फाटला, तर वेग वाढल्यावर ठिणगी पुढे सरकत नाही. ज्वलन उशिरापर्यंत चालू राहते आणि जी उष्णता पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडायची, ती एग्झॉस्टच्या वाटेने हेडमध्ये आणि पाण्यात उतरते. लांब चढावर तापणाऱ्या, आणि जोडीला पिकअप मंदावलेल्या जुन्या गाडीत मी रेडिएटरवर खर्च करण्याआधी हे तपासतो. कार्बोरेटरचे मिश्रण गरजेपेक्षा पातळ असले तरी भाराखाली तापमान वाढते.

माझे हे सगळे म्हणणे तुमच्यासारख्या गाडीपुरते आहे. ज्या वाचकांची जुनी गाडी १९९० च्या दशकातील आणि इंधन इंजेक्शनची आहे, त्यांनी तर उत्पादकाच्या आकड्यापासून मुळीच ढळू नये: कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवला तर संगणकाला इंजिन कायम थंडच वाटते, तो इंधन वाढवून देत राहतो, आणि नव्या धाटणीच्या गाड्यांत तापमान अपेक्षेपर्यंत पोहोचले नाही म्हणून दोषाचा दिवाही लागतो. जुन्या डिझेल इंजिनातून थर्मोस्टॅट काढणे पेट्रोलपेक्षाही वाईट, कारण हलक्या भाराखाली डिझेल मुळातच कमी उष्णता पाण्यात टाकते. आणि फोर्डच्या मॉडेल टी सारख्या, पंपाविना केवळ गरम पाणी वर चढण्याच्या गुणावर चालणाऱ्या गाड्यांत मुळात थर्मोस्टॅट नव्हताच. तिथे तो नसला तरी त्यात काही गैर नाही.

नवा थर्मोस्टॅट नवा आहे म्हणून तो बरोबर असेलच असे नाही, तेव्हा बसवण्याआधी तपासावा. भांड्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने लटकवावा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर सोडावा आणि मंद आचेवर पाणी ढवळत तापवावे. दोरा झडपेच्या फटीत चिमटून बांधला तर झडप उघडू लागताच थर्मोस्टॅट सुटून खाली पडतो आणि तो क्षण नेमका कळतो. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. पाणी उकळू लागले तरी अर्धवटच उघडणारा थर्मोस्टॅट परत करावा. जुना थर्मोस्टॅटही याच पाण्यात टाकून पाहा. तो अर्धाच उघडत असेल तर चढावरच्या तापण्याला त्याचाही हातभार आहे. मेणाच्या थर्मोस्टॅटमधील मेण गळाले तर झडप बहुधा बंदच राहते आणि इंजिन उकळते. त्याआधीच्या, धातूच्या घडीदार फुग्याच्या थर्मोस्टॅटला चीर पडली तर झडप सहसा उघडी राहत असे. तेव्हा ज्यात मेणाचा आहे, त्याने तो बंद पडण्याची वाट न पाहता होज बदलतानाच बदलून टाकावा.

बसवताना मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला येते. उलटा बसवला तर गरम पाणी डबीपर्यंत पोहोचत नाही. कडेवर हलणारी एक लहान पिन किंवा छिद्र असेल तर ते सर्वांत वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे पाणी भरताना अडकलेली हवा तिथून निघून जाते. असे छिद्र नसेल तर तीन मिलिमीटरचे एक पाडून घ्यावे. दोन्ही पृष्ठभागांवरचा जुना गॅस्केट पूर्ण खरवडून काढावा आणि बोल्ट आलटून पालटून, बेताने आवळावेत, कारण ॲल्युमिनिअमचे झाकण एका बाजूने आवळले की तडकते. पाणी भरताना हीटरची तोटी उघडी ठेवावी आणि गाडीचे नाक शक्य असेल तर थोड्या उतारावर वर करून ठेवावे. पहिल्या फेरीनंतर रेडिएटरचे झाकण गरमागरम उघडू नये. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाण्याची पातळी पुन्हा पाहावी, ती बहुधा थोडी खाली गेलेली असेल, तेवढी भर घालावी.